सांगोला : अकरा विजय आणि काठावरचे दोन निकाल

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघाची ओळख एका वाक्यात करून दिली जाते : इथून गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, अकरा वेळा निवडून आले. ते खरंच आहे. पण एवढंच ऐकून तिथली निवडणूक म्हणजे नुसता उपचार असायचा, असं कुणाला वाटत असेल तर त्याने १९९५चा निकाल काढून पाहावा. त्या वर्षी काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी आबासाहेबांना १९२ मतांनी पाडलं. एखाद्या वाडीने कौल फिरवला असता तर निकाल उलटला असता, इतकं ते अंतर होतं.

मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे गणपतराव वकिली करायला सांगोल्यात आले आणि शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) होऊन राहिले. १९६२मध्ये ते पहिल्यांदा आमदार झाले. १९७२ला पडले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परतले आणि १९९०पर्यंत हटले नाहीत. १९९५चा धक्का पचवून १९९९ ते २०१४ अशा आणखी चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. दरम्यान राज्यात शेकाप आटत गेला, काँग्रेस फुटली, युती-आघाड्या झाल्या. सांगोल्यात मात्र लढतीची रीत फारशी बदलली नाही. एका बाजूला आबासाहेब, दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा बापू.

हे कशाच्या जोरावर? एसटीने फिरणारा साधा आमदार, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. साधेपणाने मान मिळतो, मतं मिळतीलच असं नाही. धनगर समाजाचं मोठं पाठबळ होतं, हेही उघड आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माण नदीकाठच्या या अवर्षणी तालुक्यात त्यांनी माणसांना धरून ठेवणाऱ्या संस्था उभ्या केल्या. शेतकरी सहकारी सूतगिरणी ही त्यांतली ठळक. १९९०पासून रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली, तशी मुरमाड माळावर खड्डे घेऊन डाळिंबं लागली. ठिबकच्या नळ्यांनी शेतकऱ्याच्या हातात पहिल्यांदा बरा पैसा आला. पुढे तेल्या रोगाने बागाच्या बागा काढायला लावल्या, तो भाग वेगळा.

पाण्याचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. १९९३मध्ये नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषद भरली आणि कृष्णेच्या पाण्यासाठी दुष्काळी तालुके एकत्र आले. गणपतराव त्या लढ्यात अखेरपर्यंत होते. तरी टेंभू-म्हैसाळ योजनांचं पाणी माणच्या खोऱ्यात यायला कित्येक वर्षं गेली. १९७८चं पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार आणि १९९९नंतरचं मंत्रिपद सोडलं, तर हा आमदार बहुतेक काळ विरोधी बाकांवरच होता. त्याची किंमत तालुक्याने मोजली, असं मला वाटतं; विरोधक तर ते प्रत्येक सभेत सांगत आणि लोक ऐकूनही घेत. म्हणून तर बापू पुन्हा पुन्हा उभे राहू शकले.

२०१९ला नव्वदी गाठलेले गणपतराव थांबले आणि नातू अनिकेत उभे राहिले. शिवसेनेच्या बापूंनी त्यांना ७६८ मतांनी हरवलं. मोठं झाड बाजूला होताच मैदान मोकळं झालं, असं तेव्हा लिहिलं गेलं. पण हा आकडा मला उलटंच सांगतो. आबासाहेबांचं नाव मतपत्रिकेवर नसतानाही निम्मा मतदारसंघ जागचा हलला नव्हता. ३० जुलै २०२१ला ते गेले. पुढच्या जूनमध्ये एकनाथ शिंदेंच्या बंडात सामील होऊन गुवाहाटीतून केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगर’ या फोनने बापू राज्यभर गाजले. त्या प्रसिद्धीचा घरी उपयोग झाला नाही.

२०२४ला ते शिंदेंच्या शिवसेनेकडून लढले, ठाकरेंच्या शिवसेनेकडून दीपकआबा साळुंखे उतरले आणि या तिरंगी लढतीत आबासाहेबांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सुमारे पंचवीस हजारांनी निवडून आले. सांगोल्याने शेकाप पुन्हा निवडला, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. मतं घराण्याला पडली, आणि विरोधकांच्या फुटीने त्यांचं काम सोपं केलं. त्या निवडणुकीत अख्ख्या महाराष्ट्रातून शेकापचा एकच आमदार विधानसभेत गेला, तो हा.