शोधनिबंध स्लाइडवर चिकटवू नका

शोधनिबंधाचं सादरीकरण म्हटलं की बरेच विद्यार्थी निबंधातले परिच्छेद उचलून स्लाइडवर टाकतात आणि तेच वाचून दाखवतात. ऐकणाऱ्याचे यात हाल होतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं, की चित्र आणि निवेदन एवढंच दिलं तर माणूस जास्त शिकतो. तेच निवेदन शब्दशः पडद्यावरही दिलं तर कमी. कारण डोळ्यांना चित्रही बघायचं असतं आणि मजकूरही वाचायचा असतो. म्हणून, समजा निबंध विहिरींच्या पाणीपातळीवर असेल, तर बारा महिन्यांचा तक्ता जसाच्या तसा स्लाइडवर नको. एकच आलेख घ्या, मे महिन्यात सर्वांत खाली गेलेल्या विहिरीची रेषा गडद, बाकीच्या फिकट, आणि कारण तोंडाने सांगा.

'मग संशोधनाची खोली जाते,' असं कुणी म्हणेल. पण खोली निबंधात शाबूत असते. त्याची प्रत परीक्षकांच्या हाती द्या. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेल्या स्पर्धेत पीएचडीचं अख्खं संशोधन ३ मिनिटांत, एकाच स्थिर स्लाइडवर मांडावं लागतं, आणि विद्यार्थी मांडतात. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: भाषा परकी किंवा संज्ञा अनोळखी असेल तर पडद्यावरचे शब्द मदत करतात, हे मेयरही मान्य करतात. मराठी माध्यमातल्या श्रोत्यांपुढे इंग्रजीत बोलताना मुख्य संज्ञा जरूर लिहा, व्हिडिओला सबटायटल्स द्या. पण संज्ञा म्हणजे दोन-तीन शब्द, परिच्छेद नव्हे. पुढच्या सादरीकरणाआधी प्रत्येक स्लाइडवरचे शब्द एकदा मोजून बघा.