ॲडमिनची भीती आणि अंगठ्याचा ठसा

निवडणूक लागली, सण तोंडावर आला किंवा जिल्ह्यात कुठे दगडफेक झाली की तेल्हाऱ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सूचनांचा पाऊस पडतो. ‘आजपासून सर्व मेसेज सरकार वाचणार’, ‘काही आक्षेपार्ह आले तर ॲडमिनला अटक’, ‘ग्रुप दोन दिवस बंद ठेवा’. या भीतीला आधार नाही असे कोण म्हणेल? नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या बातम्या आणि अफवांवरून अमरावती पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात इन्स्टाग्रामवरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एकाचा जीव गेला. मोबाइलवरच्या चार ओळी रस्त्यावर काय करू शकतात ते वऱ्हाडाने पाहिले आहे.

पण या भीतीबरोबर जी माहिती पसरते ती निम्मी चुकीची असते, आणि चूक दोन्ही बाजूंनी होते. कायदा जिथे सामान्य माणसाच्या पाठीशी उभा आहे तिथे तो माणूस घाबरून गप्प बसतो. खासगी माहिती जिथे खरोखर गळते आहे तिथे मात्र तो निर्धास्त असतो. म्हणून एकेक समज तपासून पाहू.

‘ग्रुपवर कोनीबी काही टाको, पोलीस ॲडमिनलेच उचलतात.’ हा समज सगळ्यात पक्का आहे, आणि त्याला उत्तर दिले आहे ते उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने. अकोला, अमरावतीसह विदर्भातले सगळे जिल्हे याच खंडपीठाच्या कक्षेत येतात, म्हणून हा निकाल तेल्हाऱ्याच्या ठाण्यालाही लागू आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातले, २०१६ चे. एका ग्रुपवर एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, अशी तिची तक्रार होती. पोलिसांनी ॲडमिनवरही लैंगिक छळाची आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लावून दोषारोपपत्र दाखल केले. १ मार्च २०२१ रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी ॲडमिनवरचा हा गुन्हा रद्द केला. दुसऱ्याच्या कृत्यासाठी एखाद्याला गुन्हेगार ठरवायचे तर कायद्यात तशी स्पष्ट तरतूद हवी, आणि ॲडमिनबाबत ती नाही, असे न्यायालयाने सांगितले. सदस्य काय लिहिणार हे ॲडमिनला आधी कळत नाही. दोघांचा आधीपासून संगनमताने तसा बेत होता हे दाखवता आले तरच ॲडमिन अडकतो. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली.

यात एक बारकावा आहे. ॲडमिनच्या हातात सदस्याला घेणे आणि काढणे एवढेच आहे, असे त्या निकालात धरले होते. २०२२ पासून तो कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकतो. म्हणजे त्याचा हात पूर्वीइतका बांधलेला नाही. तरीही कायद्यात नवी तरतूद झालेली नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला आरोपी करायला आधार नाही. मला वाटते, विषारी मजकूर दिसताच पुसणे हे ॲडमिनचे नैतिक कर्तव्य आहे आणि ते त्याने बजावावे. पण केळीचे भाव, बाजार समितीतली आवक, वानच्या कालव्याची पाळी ज्या ग्रुपवर कळते तो भीतीने बंद करण्याचे काहीही कारण नाही.

याच्या बरोबर उलटा समज म्हणजे खाली ‘जसे आले तसे पुढे पाठवले’ लिहिले की आपली सुटका झाली. नाही झाली. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलचा एक अश्लाघ्य मजकूर फेसबुकवर पुढे पाठवला. मजकूर दुसऱ्याचा होता. त्यांनी तो काढला, माफीही मागितली. डोळ्यांत औषध घातले होते म्हणून न वाचता पाठवला, असेही सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिला, आणि २०२४ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना एक महिन्याची शिक्षा सुनावली. ग्रुप कोणाचा हे गौण आहे, बोट कोणाचे हे कायदा पाहतो. ज्याला ॲडमिनच्या अटकेची धास्ती आहे त्याच माणसाने रोज सकाळी न वाचता पाच मेसेज पुढे ढकलावेत, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

गुन्हा दाखल झाला म्हणजे थेट कोठडी, असेही नसते. दोन गटांत तेढ वाढवणे, धार्मिक भावना दुखावणे, अफवा पसरवणे या भारतीय न्याय संहितेतल्या कलमांना साधारण तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. नोटीस आली तर घाबरून मोबाइल फोडू नका, मेसेज पुसत बसू नका. वकील गाठा आणि हजर राहा.

सरकारविरुद्ध लिहिले की ‘६६-अ लागते’ हे अजूनही ऐकू येते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते कलम मेलेले आहे, आणि त्याची कथा महाराष्ट्रातलीच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या एका तरुणीला, आणि केवळ ते ‘लाइक’ केल्यावरून तिच्या मैत्रिणीला, पोलिसांनी अटक केली. श्रेया सिंघल या तरुणीने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्यानंतरही देशभरातल्या ठाण्यांमध्ये त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. मात्र ६६-अ गेले म्हणजे सगळी मोकळीक मिळाली असे नाही. बदनामी, धमकी, तेढ यांची कलमे जागेवर आहेत.

आता व्हॉट्सॲपवरच्या तीन टिकांच्या अफवेकडे येऊ. ‘दोन निळ्या आणि एक लाल टिक आली तर सरकार कारवाई करू शकते’, हा मेसेज कित्येक वर्षे फिरतो आहे आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले आहे. व्हॉट्सॲपमध्ये तिसरी टिक नाही, लाल तर नाहीच. एप्रिल २०१६ पासून तिथले मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. मधल्या वाटेवर कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. मग पोलिसांकडे मेसेज येतात कुठून? बहुतेक वेळा ग्रुपमधल्याच कोणाच्या तरी फोनमधून, स्क्रीनशॉटमधून. क्लाउडवर ठेवलेल्या बॅकअपमधूनही जाऊ शकतात, कारण त्याला कुलूप आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन लावावे लागते. शिवाय मजकुराव्यतिरिक्त वापराविषयीची काही माहिती कंपनीकडे असतेच. २०२१ च्या नियमांत सरकारने ‘मेसेज सर्वांत आधी कोणी पाठवला ते सांगा’ अशी अट घातली. व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे सांगितले की कुलूप तोडायला लावले तर आम्ही भारत सोडू. लपवण्यासारखे काही नाही त्याने कशाला घाबरावे, असे यावर अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. पोरीच्या लग्नाची बोलणी, घरातले आजारपण, सावकाराचे देणे यांत गुन्हा काहीच नाही, तरी ते गावाने वाचावे असे कोणाला वाटत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो याचसाठी.

‘कलेक्टरच्या मनात आले की नेट बंद.’ जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक मागणी करू शकतात, आदेश त्यांचा नसतो. तो राज्याच्या गृह सचिवांचा, अगदी निकडीच्या वेळी त्यांनी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा असतो. एक आदेश १५ दिवसांपलीकडे चालत नाही, आणि आढावा समितीला तो तपासावा लागतो. काश्मीर टाइम्सच्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. पुढच्या वेळी नेट गेले तर कारणासह तो आदेश मागा. तो हक्क आहे.

इथपर्यंत भीती जास्त आणि धोका कमी होता. पुढे मात्र धोका जास्त आहे आणि भीती नाही.

‘आधार नंबर कोनाले देऊ नको, खातं साफ होते.’ नुसत्या क्रमांकाने खाते साफ होत नाही. पण आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत, जी गावोगावी बँक मित्र अंगठा घेऊन देतात तिच्यात, तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी नाही, पिन नाही. पहिल्या दोन गोष्टी आपण झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रात, खत घेताना, पीकविमा भरताना वाटतच असतो. उरतो ठसा. तो कुठून मिळतो? २०१८ मध्ये तेलंगणात आणि नंतर हरियाणात उघडकीला आलेल्या प्रकरणांत तो जमिनीच्या खरेदीखतांच्या नोंदींतून उचलला गेला होता. संकेतस्थळावर टाकलेल्या दस्तांवर लोकांचे अंगठे स्पष्ट दिसत होते. त्यांवरून खोटे ठसे तयार झाले. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. शेती विकणारा-घेणारा प्रत्येक माणूस दुय्यम निबंधकाकडे अंगठे देऊन आलेला असतो, म्हणून हा धोका शहरातल्या नोकरदारापेक्षा आपल्या शेतकऱ्याला अधिक आहे.

त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. आधारच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपवर बायोमेट्रिकला कुलूप लावता येते. ते लावले की ठसा कोणाकडेही असला तरी चालत नाही. ई-केवायसीसाठी अंगठा द्यायचा असेल तेव्हा काही मिनिटांपुरते उघडायचे. यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा, आणि घराघरांतल्या म्हाताऱ्यांचा तो जोडलेला नसतो किंवा जुनाच असतो. झेरॉक्सऐवजी ‘मास्क्ड आधार’ देता येते, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या प्रती सरसकट वाटू नका असे पत्रक काढले होते. दोनच दिवसांत केंद्राने ते मागे घेतले. माझ्या मते पत्रक बरोबर होते आणि ते मागे घेणे चूक होते. आणि हो, शाळाप्रवेशाला किंवा सिमकार्डाला आधार सक्तीचे नाही, हे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट आहे.

‘आता डेटाचा कायदा आला, काळजी मिटली’ हा नवा समज. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला पैसाही नाही. उलट भरपाई मागण्याची वाट देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३-अ कलम हा कायदा रद्द करतो. सरकारला आपल्या यंत्रणांना यातून सूट देता येते. एक गोष्ट मात्र १८ महिने थांबली नाही: माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधला बदल. पूर्वी वैयक्तिक माहितीही जनहित असेल तर द्यावी लागे, आता त्या कलमातून ती अटच काढली आहे. घरकुलाच्या यादीत कोणाची नावे, कोणाच्या खात्यावर किती अनुदान, हे विचारणाऱ्याला ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून परत पाठवणे सोपे झाले. नागरिकाचा खासगीपणा राखतो म्हणणाऱ्या कायद्याने आधी सरकारचाच खासगीपणा राखावा, हे मला अन्यायाचे वाटते. तरी अर्ज करणे सोडू नका. कलम ८(२) शाबूत आहे, आणि जनहित मोठे असेल तर माहिती देता येते असे तेच कलम सांगते. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार: व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशातला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अटक केली’ म्हणाला, तर फोन ठेवून द्या. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.

आणि पैसे गेलेच तर लाज बाळगू नका, वेळ घालवू नका. १९३० वर लगेच फोन करा, मग बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घातलेल्या नियमानुसार चूक खातेदाराची नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर नुकसान त्याच्यावर टाकता येत नाही, आणि चूक त्याची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असाच नियम लागू झाला. आज घरातल्या आई-वडिलांचे आधार घ्या, मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का ते पाहा, आणि बायोमेट्रिकला कुलूप लावून द्या.