गुलाब ते शाहीन, व्हाया हिंगोली

वादळ जन्मते ते तापलेल्या समुद्रावर. पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर गेले की त्याची वाफ वर चढते, ढग होताना उष्णता सोडते आणि खालचा दाब आणखी घसरतो. २०२१च्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात हेच घडले. २६ तारखेच्या संध्याकाळी ‘गुलाब’ आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ धडकले. वारा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर.

जमिनीवर आल्यावर वाफेचा पुरवठा तुटतो, वारा पडतो. पाऊस मात्र थांबत नाही, उलट तोच खरा धोका! किनाऱ्यापासून सुमारे साडेसातशे किलोमीटरवरच्या हिंगोलीला ‘गुलाब’ भेटले ते असे, वादळ म्हणून नव्हे तर कमी दाबाचे क्षेत्र म्हणून. मराठवाडाभर २७ आणि २८ सप्टेंबरला धो धो पाऊस झाला. तोही ऐन सोयाबीन काढणीच्या तोंडावर. वाळलेली शेंग पाण्यात राहिली की दाणा फुगतो, काळा पडतो, शेंगेतच कोंब फुटतो. वर्षाची कमाई अशी दोन दिवसांत जाते, आणि बातम्यांत ‘वादळ ओसरले’ एवढेच येते.

‘गुलाब’चे अवशेष पुढे गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले. कोमट पाणी मिळताच १ ऑक्टोबरला पुन्हा चक्रीवादळ झाले. नाव नवे, ‘शाहीन’. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळले. त्या भागात चक्रीवादळ क्वचितच पोहोचते.