स्मृतिभ्रंश, वार्धक्यातील
उतारवयात स्मृती, विचारशक्ती, भाषा, दिशाज्ञान व निर्णयक्षमता यांचा उत्तरोत्तर ऱ्हास होऊन दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करणे अशक्य होते, अशा लक्षणसमूहाला वार्धक्यातील स्मृतिभ्रंश म्हणतात. लोकव्यवहारात यास ‘म्हातारचळ’ म्हणतात आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही प्रचलित आहे. तथापि हा वार्धक्याचा अपरिहार्य परिणाम नसून मेंदूच्या विकारांमुळे उद्‌भवणारी अवस्था आहे. वस्तू कोठे ठेवली याचा क्षणिक विसर पडणे स्वाभाविक होय; परंतु नेहमीची वाट चुकणे, जेवण झाल्याचे न आठवणे, पैशांचा हिशेब न जमणे किंवा घरातील माणसे न ओळखणे ही विकाराची चिन्हे आहेत.

प्रकार : जर्मन मनोविकारतज्ञ आलॉइस आल्झायमर (१८६४–१९१५) यांनी १९०६ मध्ये एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन केले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलीन यांनी त्या विकाराला आल्झायमर यांचे नाव दिले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सु. ६० ते ७० टक्के रुग्णांत हाच विकार असतो. त्यात मेंदूमध्ये विशिष्ट प्रथिनांचे थर व गुंते साचून तंत्रिका कोशिका क्रमाने नष्ट होतात. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील दोषांमुळे होणारा रक्तवाहिनीजन्य प्रकार हा दुसरा महत्त्वाचा प्रकार होय. अनेक वृद्धांत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात.

प्रमाण : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सु. ५ कोटी ७० लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश होता व त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक व्यक्ती अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. वयाच्या पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी हे प्रमाण साधारणतः दुप्पट होते.

भारतातील जुन्या पाहण्यांत प्रमाण कमी दिसले. हरयाणातील बल्लभगढ परिसरातील २८ खेड्यांच्या पाहणीत (१९९८) पासष्टीपुढील व्यक्तींत आल्झायमर विकार १.०७ टक्के आढळला. मुंबईतील २४,४८८ व्यक्तींच्या पाहणीत (२००१) पासष्टीपुढील वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के होते. याउलट, १८ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील साठीपुढील ४,०९६ व्यक्तींच्या तपासणीवर आधारलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशभरात सु. ८८ लाख रुग्ण, असे निघाले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात ते अधिक होते. व्याख्या, चाचण्या व वयोगट यांतील भेद, तसेच वाढलेले आयुर्मान ध्यानी घेता या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. साठी ओलांडलेल्या ५०० व्यक्ती असलेल्या गावात राष्ट्रीय दराने सु. ३७ रुग्ण असतील, यावरून प्रश्नाचे आकारमान लक्षात येते.

जोखमीचे घटक : वय हा सर्वांत प्रबळ घटक असून तो व आनुवंशिकता हे घटक बदलता येत नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा घटक नमूद केले : अल्प शिक्षण, श्रवणदोष, दृष्टिदोष, अतिरक्तदाब, मधुमेह, रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल, स्थूलता, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, अवसाद, डोक्यास इजा, एकाकीपणा व हवेचे प्रदूषण. हे सर्व दूर करता आल्यास जगातील सु. ४५ टक्के रुग्णांत विकार टळू किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे.

बालाघाट डोंगररांगेतील लिंबागणेशसारख्या बीड जिल्ह्यातील गावांचा विचार करता यांतील काही घटक विशेष अर्थपूर्ण ठरतात. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी एक पंचमांशाहून कमी साक्षर होत्या. त्या काळी शालेय वयाच्या असलेल्या मुली आज वृद्ध झाल्या आहेत. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी या जिल्ह्यातील कुटुंबे स्थलांतर करतात व म्हातारी माणसे, अनेकदा नातवंडांसह, कित्येक महिने मागे राहतात. परिणामी एकाकीपणा वाढतोच, शिवाय आजाराची पहिली चिन्हे ओळखणारे जवळचे माणूसही घरात नसते. चुलीचा धूर व उपचाराविना राहिलेला मोतीबिंदू यांचीही भर पडते. २०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. अशा शस्त्रक्रियेत तरुण वयातच अंडाशयेही काढली गेल्यास पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे काही परदेशी अभ्यासांवरून दिसते.

निदान : निरक्षर वृद्धांना वाचन, लेखन वा अंकगणित यांवर आधारलेली चाचणी दिल्यास चुकीचा निष्कर्ष निघतो, म्हणून बल्लभगढच्या अभ्यासासाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार करण्यात आली. कुटुंबीयांकडून मिळणारी माहिती तितकीच महत्त्वाची असते. ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, अवटू ग्रंथीची मंदता, अवसाद, डोक्याच्या इजेनंतरचा रक्तसंचय व काही औषधे यांमुळेही अशी लक्षणे दिसतात व ती उपचारांनी सुधारू शकतात. यासाठी ‘वयच झाले’ असे म्हणून तपासणी टाळणे हानिकारक ठरते.

परिचर्या : पूर्ण बरे करणारे औषध नाही, काही औषधांनी लक्षणे मर्यादित काळ सौम्य होतात. गोव्यातील एका अभ्यासात (२००१) लोक हा विकार वार्धक्याचाच भाग मानतात, त्यामुळे रुग्ण डॉक्टरांपर्यंत क्वचितच पोहोचतात. मात्र गावपातळीवरील आरोग्यसेवकांना असे रुग्ण ठाऊक असतात, असे दिसून आले. पुढे गोव्यातच ८१ कुटुंबांवर झालेल्या प्रयोगात (२००८) प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या गृहभेटींनी परिचारक कुटुंबीयांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. परिचर्येचा भार बहुधा सुना व पत्नी यांच्यावर पडतो. रुग्णाशी वाद न घालणे, दिनक्रम एकसारखा ठेवणे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राखणे आणि चष्मा व श्रवणयंत्र यांची सोय करणे हे उपाय खेड्यातील घरातही शक्य आहेत.