एक दिवसाचं मौन: राग, भीती आणि दुःख यांचं करायचं काय?

बौद्ध परंपरेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत न बोलता ध्यान करायची एकदिवसीय शिबिरं होतात. आपल्या रागाशी, भीतीशी, दुःखाशी त्यांचा नेमका काय संबंध, हा आजचा विषय आहे. तो भुईगावात मांडायला एक खास कारण आहे.

1956 साली या भुईगावात एका शिलालेखाचा तुकडा सापडला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक. तो सम्राट अशोकाच्या नवव्या आज्ञापत्राचा भाग निघाला. त्याआधी 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना शेजारच्या सोपाऱ्यात आठव्या आज्ञापत्राचा तुकडा मिळालाच होता. भुईगावचा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अनेकांना तो माहीत असतो, पण त्यात म्हटलंय काय, हे फारसं कोणी विचारत नाही.

नवव्या आज्ञापत्राचा आशय साध्या शब्दांत असा आहे: लोक नाना प्रकारची मंगलकार्यं करतात. कधी करतात? आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्माला येतं तेव्हा, प्रवासाला निघताना. या यादीकडे जरा नीट बघा. या प्रत्येक वेळी मनात धाकधूक असते. माणूस घाबरला की त्याला काहीतरी करावंसं वाटतं. अशोक म्हणतो, करा, पण याचं फळ थोडं. मोठं फळ देणारं मंगल वेगळं आहे. दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. याला तो धम्ममंगल म्हणतो.

ही कसोटी हाताशी ठेवा. मौनाचा दिवससुद्धा आणखी एक विधी होऊ शकतो. पांढरे कपडे घातले, डोळे मिटले, बरं वाटलं, घरी आलो आणि भांडी घासणाऱ्या बाईंवर खेकसलो. मग त्या दिवसाचं फळ थोडंच.

गप्प बसणं तीन प्रकारचं

आपल्या मराठीत न बोलण्याला वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते फार उपयोगी आहेत.

पहिला शब्द अबोला. वाडीच्या वाटणीवरून भावाशी बिनसलं, दोन वर्षं बोलणं बंद. तोंड बंद आहे, पण आत रोज भांडण चालू आहे. तो काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं. अबोला हे खरं तर फार मोठ्याने बोलणंच असतं.

दुसरा प्रकार म्हणजे मूग गिळून बसणं. बोलायचं आहे, पण भीती आहे. साहेबाची, सासरची, गावकीची. हे मौन माणसाने निवडलेलं नसतं, त्याच्यावर लादलेलं असतं.

तिसरं मौन. विपश्यना शिबिरात त्याला आर्य मौन म्हणतात. ते स्वतःहून घेतलेलं असतं, त्याला मुदत असते आणि हेतू असतो. शब्द तर नाहीतच, खाणाखुणा नाहीत, डोळ्यांनी बोलणं नाही, फोन नाही, वाचन-लेखनही नाही. आजच्या विषयातलं मौन हे तिसरं. पहिल्या दोन प्रकारांत भावना आत कोंडली जाते, तिसऱ्यात ती पाहिली जाते.

वसईतल्या ख्रिस्ती घरांना हे परकं वाटणार नाही. उपवासकाळातल्या तपसाधनेत शांत बसण्याची सवय इथे अनेकांना आहे. बौद्धांच्या मौनात फरक एवढाच, की तिथे प्रार्थना नसते. निरीक्षण असतं.

भावना उकलून पाहिली तर

राग आला, असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीन गोष्टी एकत्र घडत असतात. एक, शरीरात काहीतरी होतं. छाती धडधडते, कान तापतात, जबडा आवळला जातो. दोन, मनात एक गोष्ट सुरू होते: त्याने मुद्दाम केलं, हा नेहमीच असं करतो. तीन, काहीतरी करण्याची ओढ लागते. ओरडावं, मेसेज टाकावा, दार आपटावं. या तिन्ही गोष्टी इतक्या झटपट एकमेकींना चिकटतात की आपल्याला तो एकच गोळा वाटतो.

बुद्धांच्या शिकवणीत पहिल्या भागाला वेदना म्हणतात. इथे वेदना म्हणजे फक्त दुखणं नव्हे बरं का. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कोणतीही जाणीव म्हणजे वेदना. वेदनेतून तृष्णा उठते: हे हवं, किंवा हे नको. साधना होते ती नेमकी या दोहोंच्या मधल्या फटीत. जाणीव झाली आणि प्रतिक्रिया अजून झालेली नाही, अशी ती जागा. एरवी ती दिसतच नाही. विरार लोकलमध्ये धक्का लागला की आपल्या तोंडून शब्द गेलेला असतो.

मौनाचा दिवस काय करतो? बोलायला कोणी नाही, म्हणून गोष्टीला खतपाणी मिळत नाही. स्थिर बसायचं ठरलं आहे, म्हणून ओढीवर कृती होत नाही. उरतं ते शरीर. तिथली धडधड येते, वाढते, बदलते, ओसरते. हे डोक्याने सगळ्यांनाच माहीत असतं. अंगाने अनुभवलेलं नसतं.

इथे सोपाऱ्याच्याच एका माणसाची आठवण काढायला हवी. पाली ग्रंथांत बाहिय नावाचा एक साधक येतो, तो सुप्पारकचा, म्हणजे सोपाऱ्याचा. तो थेट श्रावस्तीला गेला आणि भिक्षेला निघालेल्या बुद्धांना रस्त्यातच गाठून उपदेश मागू लागला. बुद्धांनी दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा सांगितलं. त्या छोट्या उपदेशाचं सार असं, की पाहिलं त्यात फक्त पाहिलेलं असू दे, ऐकलं त्यात फक्त ऐकलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, जे घडलं त्याला आपल्या पदरचं जोडू नकोस. मौनाच्या दिवशी दिवसभर हाच अभ्यास चालतो.

दिवस कसा जातो

एका दिवसाची ही पद्धत नवी नाही. उपोसथाच्या दिवशी गृहस्थांनी अष्टशील घ्यायचं, दुपारनंतर जेवायचं नाही, दिवस साधनेत घालवायचा, ही चाल बुद्धकाळापासूनची आहे. महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबांत पौर्णिमेला, विशेषतः आषाढ ते आश्विन या वर्षावासाच्या काळात, आजही अनेकजण उपोसथ पाळतात.

शिबिराचा दिवस साधारण असा असतो. सुरुवातीला शील घेतात. मग आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासावर लक्ष. श्वास लांब करायचा नाही, मोजायचा नाही, फक्त जाणायचा. मन थोडं स्थिरावलं की शरीरभर लक्ष फिरवून संवेदना पाहायच्या. काही परंपरांत अधूनमधून सावकाश चालण्याचं ध्यान असतं. शेवटी मैत्रीभावना: आधी स्वतःबद्दल, मग इतरांबद्दल सद्भावना. मग मौन सुटतं.

सकाळ बरी जाते. खरी परीक्षा दुपारी. जेवण झालेलं, गुडघे दुखतात, झोप येते, आणि नेमकी तेव्हाच जुनी माणसं मनात येऊन बसतात. दहा वर्षांपूर्वीचा अपमान काल झाल्यासारखा उभा राहतो. पुष्कळांना वाटतं, आपलं ध्यान बिघडलं. बिघडलेलं काही नाही. सतिपट्ठान सुत्तात चित्ताचं निरीक्षण सांगितलं आहे, तिथे द्वेषाने भरलेलं चित्त द्वेषाने भरलेलं आहे असं जाणावं, एवढंच अपेक्षित आहे. ते लगेच निर्मळ करा, असा हुकूम नाही. मनात हळूच म्हणायचं, ‘हा राग आहे’, आणि तो शरीरात कुठे आहे ते पाहायचं.

आपल्या आसपास याची ठिकाणं आहेत. सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि त्यांनी मुंबईत पहिलं विपश्यना शिबिर घेतलं. पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात एकदिवसीय शिबिरं होतात, पण एक गोष्ट लक्षात घ्या: ती आधी दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांसाठीच असतात. फी नसते, खर्च दानावर चालतो. लोणावळ्याजवळ भाजे इथे त्रिरत्न बौद्ध महासंघाचं शिबिर केंद्र आहे. तिथे आनापानसती आणि मैत्रीभावना शिकवतात.

ही गोष्ट दवाखान्यातही पोहोचली आहे. 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जॉन कबात-झिन यांनी जुन्या दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. धार्मिक भाग बाजूला ठेवला, पण एक पूर्ण दिवस मौनाचा ठेवलाच. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंताविकार असलेल्या 276 जणांपैकी काहींना हा कार्यक्रम दिला, काहींना एस्सिटॅलोप्राम हे नेहमीचं औषध. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांची चिंता जवळपास सारखीच कमी झाली होती. याचा अर्थ चालू गोळ्या बंद करा असा मुळीच नाही. ते डॉक्टरांना विचारूनच.

पण मग अन्याय सोसायचा का?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलं गेलं, त्यांना पुन्हा मौन शिकवायचं? घरात मार खाणाऱ्या बाईला सांगायचं, श्वास बघ?

याचं उत्तर शोधताना पुन्हा सोपाऱ्याकडेच वळू. पुण्ण नावाचा इथला व्यापारी भिक्षू झाला. संस्कृत ग्रंथांत तो पूर्ण म्हणून येतो. त्याला आपल्या मुलखात, सुनापरांतात, परत यायचं होतं. बुद्ध म्हणाले, तिथले लोक फार तिखट आहेत, शिव्या देतील. पुण्ण म्हणाला, मी समजेन की भले लोक आहेत, हात तर उचलत नाहीत. हात उचलला तर? दगड मारले तर? शस्त्र चालवलं तर? प्रश्न चढत जातात आणि पुण्ण डगमगत नाही. शेवटी बुद्ध त्याला जायला सांगतात.

आपण या कथेतली सहनशीलता तेवढी उचलतो. पण पुण्ण तिथे मार खायला गेला नव्हता, काम करायला गेला होता. त्याने ते केलंही: त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आल्या, असं सुत्त सांगतं. मन शांत करून तो घरी बसला नाही. लोक काय करतील या भीतीने त्याचा रस्ता ठरला नाही, हा मुद्दा आहे.

म्हणजे मौनाचा दिवस तुमचा राग बरोबर की चूक हे ठरवत नाही. कधीकधी राग अगदी बरोबर असतो. दिवस एवढंच करतो, की रागाने तुम्हाला ओढत नेण्याऐवजी पुढचं पाऊल तुम्ही ठरवता. ते पाऊल भावाला फोन करणं असेल, किंवा पोलिसांत तक्रार देणं असेल. मार खाणाऱ्या बाईची पहिली गरज सुरक्षितता आहे. ध्यान त्यानंतर.

सांभाळायच्या गोष्टी

सगळ्यांनी, केव्हाही बसावं असं नाही. नुकताच मोठा आघात झाला असेल, मनोविकाराचे उपचार चालू असतील, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी डॉक्टर. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे. शिबिराच्या अर्जात आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नका.

बसल्यावर भावना झेपेनाशी झाली तर डोळे उघडा. तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या. थोडं चाला. मार्गदर्शकांशी हळू आवाजात बोलता येतं, तेवढी मुभा मौनात असते. दात-ओठ खाऊन बसणं म्हणजे साधना नव्हे.

नवख्या माणसाने घरी अर्ध्या दिवसापासून सुरुवात करावी. घरच्यांना आधी सांगा, नाहीतर तुमचं मौन त्यांना अबोला वाटेल. फोन कपाटात ठेवा. आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख पहिल्याच दिवशी उकरू नका, एखादी छोटी चिडचिड घ्या. आणि त्या दिवशी मोठा निर्णय घेऊ नका. मन हलकं झालं की सगळंच सोपं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

आणि शेवटचं. दिवस चांगला गेला का, हे आसनावर बसून ठरवू नका. मांडी किती वेळ राहिली, उजेड दिसला का, याला महत्त्व नाही. सोमवारी हाताखालच्या माणसाशी कसं बोललात, आईला औषध देताना आवाज चढला का, रस्त्यातल्या कुत्र्याला लाथ बसली की पाय आवरला, ते बघा. भुईगावच्या दगडावरच्या राजाने मोठ्या फळाचं मंगल म्हणून जी यादी दिली, ती अशाच साध्या गोष्टींची आहे.

आता कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.