योजनेची शेळी आणि घरचा हिशेब

नंदुरबार तालुक्यातील रनाळ्यासारख्या कोरडवाहू गावात भूमिहीन कुटुंबाला शेळी म्हणजे अडीअडचणीची ठेव. शासनाच्या 10 शेळ्या व 1 बोकड या गटवाटप योजनेत अनुसूचित जाती-जमातींसाठी 75 टक्के अनुदान ठेवले गेले. किती गट वाटले, हे अहवालात येते. आम्ही विचारतो, वर्षाअखेर त्या घरच्या बाईच्या पदरात काय पडले?

हे आधीच पाहण्याची एक रीत आहे. अभ्यासक कागदावर किंवा संगणकावर नमुन्याचा कळप मांडतात. वेत, मरतूक, विक्री, मजुरी यांचे आकडे भरून, धोरण बदलले तर काय घडेल ते तपासतात. याला सिम्युलेशन मॉडेल म्हणतात. युरोपीय संघात शेती-अनुदानाचे परिणाम असेच तपासले जातात.

आपणही मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे. समजा, 10 शेळ्यांना वर्षात 20 करडे झाली. लस वेळेवर मिळाली आणि 2 दगावली. उरलेल्या 18 पैकी 9 बोकड प्रत्येकी 6,000 रुपयांना विकले, तर 54,000 रुपये आले. पाटी घरातच राहिल्या. आता समजा, पीपीआरची साथ आली, लस नव्हती आणि 8 करडे गेली. मग बोकड 6 आणि रुपये 36,000. अनुदान तेच, फरक लसीचा!

आणखी एक रकाना बहुधा कोराच राहतो. शेळ्या चारण्यासाठी बाईने 200 दिवसांची मजुरी सोडली, तर रोज 200 रुपयांप्रमाणे 40,000 रुपये बुडाले. पहिल्या हिशेबात हाती 14,000 उरतात. दुसऱ्यात 4,000 चा तोटा. बाईचे श्रम शून्य धरले की दोन्ही योजना यशस्वीच दिसतात.

बाबासाहेबांनी 1918 च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात हेच दाखविले होते, की शेती परवडते की नाही हे नुसत्या जमिनीच्या आकारावर ठरत नाही. तिच्या जोडीचे भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण पाहावे लागते. शेळ्यांचेही तसेच. नुसती संख्या वाटून भागत नाही. लस, चराई आणि बाजार सोबत हवेत.

मॉडेल भविष्य सांगत नाही. भरलेला आकडा खोटा, तर उत्तरही खोटे. म्हणून भगिनींनो, वही घाला. जन्म, मरतूक, विक्री आणि आपले चराईचे दिवस लिहा. शिकलेल्या मुलीला बेरीज करायला सांगा. ग्रामसभेत योजनेची चर्चा निघेल, तेव्हा ती वही पुढे ठेवा.