११ महिन्यांचा करार आणि माझं गेलेलं फर्निचर



दुकानाच्या जागेवरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यात ‘करारनामा’ हा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. आज तोच सविस्तर सांगतो, कारण माझे स्वतःचे पैसे यातच गेलेत.

२०१६ ची गोष्ट. बीबीए करून दोन वर्षं नोकरी केली आणि धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत एक छोटा गाळा भाड्याने घेतला. महिन्याला ७ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट. शंभराच्या स्टॅम्पवर ११ महिन्यांचा करार टाईप केला, नोटरीचा शिक्का मारला, झालं काम. मालक वडिलांच्या वयाचे. म्हणाले, “कागद नावाला आहे रे, तू पाच वर्षं बस, कोण उठवतो तुला?” मी त्या शब्दावर रॅक, काच, लाईट आणि शटरचं रंगकाम धरून १ लाख ४० हजार लावले. बारावा महिना लागला आणि निरोप आला: ११ हजार द्या, नाहीतर गाळा खाली करा. दोन महिने ओढाताण केली आणि निघालो. रॅक भंगारवाल्याने किलोवर नेले.

तेव्हा मला वाटलं, कागदावर ११ महिने लिहिलंय म्हणजे आपली बाजू संपली. कोणाला विचारलंसुद्धा नाही. खरी चूक ती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. ११ महिन्यांचं खूळ आलं केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी मुदत एक महिन्याने कमी केली. बऱ्याच राज्यांत हे चालतं. आपल्या राज्यात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे. ११ महिने असो की ११ दिवस, घर असो की गाळा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे दोनदा वाचा.

पुढचं अजून महत्त्वाचं. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे माझं “पाच वर्षं ठरली होती” हे म्हणणं निदान ऐकावं तरी लागलं असतं. मी जिंकलोच असतो असं नाही म्हणत, पण रॅक किलोवर विकायच्या आधी बोलणी तरी झाली असती.

मालकांना शिव्या देऊ नका मात्र. त्यांची भीती जुनी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागेत असलेले लोक संरक्षित भाडेकरू ठरले. तेव्हापासून ‘भाडेकरू बसला की उठत नाही’ हे घराघरांत पक्कं झालं. गंमत अशी, की ज्या भीतीने मालक नोंदणी टाळतो, ती नोंदणी टाळल्यानेच भाडेकरूची बाजू भारी होते. जळगावात एका बॅचमध्ये मी हे सांगितलं, तर मागच्या रांगेतले चार गाळ्यांचे मालक असलेले काका उठून म्हणाले, “मग आमच्या सीएने कधी सांगितलं नाही ते!”

तर तुम्हीही मालकाला असंच सांगा: “आबा, नोंदणी तुमच्याच फायद्याची. उद्या वाद झाला तर माझंच म्हणणं धरतील.” भांडणाचा सूर नको.

खर्चाची भीती घालतात, तो हिशोबही करू. १२ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट, ३ वर्षं मुदत. एकूण भाडं ४,३२,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ३०,०००. बेरीज ४,६२,०००, त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १,१५५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर थोडं किरकोळ शुल्क आणि एजंट लावला तर त्याचे पैसे. नोंदणी ऑनलाईन होते, आधार आणि अंगठा लागतो. दुय्यम निबंधकाच्या दारात दिवसभर उभं राहायची गरज नाही.

करारात मुदत, दरवर्षीची भाडेवाढ, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि निघताना फर्निचर कोणाचं, हे चार शब्दांत नाही, पूर्ण वाक्यांत लिहून घ्या. आणि डिपॉझिट पूर्ण बँकेतून द्या. अर्धं रोख मागितलं तर तिथेच थांबा.

एक अपवाद. महापालिकेचा किंवा सरकारचा गाळा असेल तर हा भाडे कायदा लागूच होत नाही. जळगावातल्या मनपा गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले आणि पुढे किती वर्षं कोर्टकचेरी चालली, हे तिथल्या व्यापाऱ्यांना मी काय सांगणार. असा गाळा कोणी ‘परस्पर’ देत असेल तर आधी मनपाचे कागद बघा.

आणि जीएसटी नंबर असेल तर हेही: १० ऑक्टोबर २०२४ पासून मालकाकडे नंबर नसला, तरी दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हाला भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना यातून सूट आहे.

आता उठा आणि गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातला तुमचा करार काढा. त्यावर दुय्यम निबंधकाचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. पुढच्या व्हिडिओत डिपॉझिट परत मिळवायची नोटीस कशी लिहायची ते घेतोय.